अश्वत्थाम्याच्या जखमेला तेल

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. लेकी-जावई घरी आलेले असतात, शिवारात धानाची कापणी सुरू असते आणि रात्री नाटक असते. वैनगंगेकाठच्या वडसा गावात नाटक कंपन्यांचा मोठा तळ आहे. लाखांदूर, पवनी, साकोलीच्या पट्ट्यातल्या गावांसाठी ते नाव म्हणजे हिवाळ्यातल्या जागरणांचेच दुसरे नाव. जेवणे उरकून लोक शाली गुंडाळून मांडवात बसतात ते तांबडे फुटेपर्यंत.

कथा सूडाची असली तर मध्यरात्रीनंतर एक प्रवेश येतो. ज्याची जमीन लाटली, ज्याचे घर पेटवले, ज्याला मेला समजून नदीत फेकले, तो माणूस परत येतो. चेहऱ्याची एक बाजू जळालेली. कापसाचे थर डिंकाने चिकटवून, वर लाल-काळा रंग लावून केलेली ती जखम पहिल्या रांगेतून पाहिली तर सरळ सरळ कापूसच दिसते. तरीही तो वळून दिव्याच्या झोतात आला की मांडवातली कुजबूज थांबते, आणि दुसऱ्याच क्षणी मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. त्याने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो. प्रेक्षकांनी त्याचा खटला ऐकायच्या आधीच निकाल त्याच्या बाजूने दिलेला असतो.

याच मांडवात बसणारी कॉलेजची मुले दिवसा मोबाइलवर ‘डेडपूल’ पाहतात. कर्करोगाने खचलेला वेड विल्सन बरे होण्याच्या आशेने एका प्रयोगाला तयार होतो. प्रयोग करणारे त्याचा छळ करतात, त्याला अमर करतात आणि त्याची कातडी कायमची विद्रूप करून सोडतात. मग तो लाल मुखवटा चढवून त्या छळकर्त्याच्या शोधात निघतो. २०१६ साली आलेल्या या चित्रपटाने जगभर ७५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. २०१८च्या दुसऱ्या भागाला हिंदीत रणवीर सिंगने आवाज दिला आणि तो आपल्या गावखेड्यांतही पोचला. २०२४च्या तिसऱ्या भागाने शंभर कोटी डॉलरचा आकडा सहज ओलांडला. देखणे, सज्जन, नियमाने वागणारे महानायक डझनावारी असताना या जळक्या, संतापलेल्या माणसात लोकांना काय दिसते? हा प्रश्न केवळ सिनेमाचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहतो.

पहिले कारण जखमेच्या जागेत आहे. जगातले बहुतेक अन्याय दिसत नाहीत. बुडालेली मजुरी, सातबाऱ्यावरून गायब झालेले नाव, चारचौघांत झालेला अपमान यांचा वळ अंगावर उमटत नाही. पीडिताला ते सिद्ध करावे लागतात, आणि सिद्ध करता करता तो थकतो. पडद्यावरच्या या नायकाला काही सिद्ध करावे लागत नाही. त्याचा चेहरा हाच पंचनामा असतो. ज्यांचे स्वतःचे दुःख कुणी कधी लिहून घेतले नाही, त्यांना तो चेहरा आपल्या वतीने दिलेल्या साक्षीसारखा वाटतो. ज्याचे जळते त्यालाच कळते असे आपण म्हणतो. इथे एका माणसाचे जळलेले एकाच वेळी हजारांना कळते.

दुसरे कारण म्हणजे तो वाट पाहत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी माणसाने उगाच घडवलेली नाही. तीत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तारखा, वकिलाची फी, फिरलेले साक्षीदार, तालुक्याच्या गावी जाण्यात बुडालेली रोजी. सूड घेणारा नायक ही पायरी टाळून थेट निकालाकडे जातो. दोन तासांत गुन्हा, शोध आणि शिक्षा उरकते.

तिसरे कारण तरुणांनी विशेष समजून घ्यावे असे आहे. हा नायक देखणा नसतो आणि त्याला ते ठाऊक असते. वेड विल्सन आपल्या प्रेयसीसमोर जायला घाबरतो. गोळ्यांची त्याला भीती नाही, पण तिच्या नजरेची आहे. आपल्या रंगावरून, वजनावरून, चेहऱ्यावरच्या फोडांवरून चिडवणे सोसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ही भीती ओळखीची वाटते. देवासारखे नायक त्याला दूरचे वाटतात. हा मात्र बाकावर शेजारी बसणारा वाटतो.

ही ओढ हॉलिवूडने शोधून काढली, असे मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे असा माणूस महाभारतापासून आहे. अश्वत्थामा हे त्याचे नाव.

त्याच्या कथेचा आरंभ पाहा. द्रोणाचार्यांच्या घरी इतके दारिद्र्य की मुलाला दूध ठाऊक नाही. बरोबरीची मुले त्याला पीठ कालवलेले पाणी देतात, तो ते दूध समजून पितो आणि आनंदाने नाचतो. मुले हसतात. तो अपमान बापाच्या जिव्हारी लागतो, बाप जुन्या मित्राच्या, द्रुपदाच्या दारी जातो, तिथेही अपमान होतो, आणि पुढच्या वैराचे बी तिथेच पडते. भाताच्या पेजेवर वाढलेल्या पोरांच्या या मुलखात त्या पिठाच्या पाण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग युद्धात बापाला कपटाने मारले जाते. मुलगा मेल्याची खोटी बातमी ऐकवून शस्त्र खाली ठेवायला लावतात आणि धृष्टद्युम्न त्यांचे मस्तक उडवतो. अश्वत्थाम्याची तक्रार खरी आहे, हे कुणीही नाकारू शकत नाही. युद्ध संपल्याच्या रात्री वडाखाली जागा असताना त्याला एक घुबड झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडताना दिसते, आणि त्याला मार्ग सापडतो. तो पांडवांच्या झोपलेल्या छावणीत शिरतो. धृष्टद्युम्नाला शस्त्राने मारण्याचा मानही देत नाही, लाथा-बुक्क्यांनी मारतो. इथपर्यंत आजच्या चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या असत्या. पण हात थांबत नाहीत. द्रौपदीची पाच मुले झोपेतच मारली जातात, आणि पुढे त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. बापाच्या हत्येची दाद मागायला निघालेला मुलगा न जन्मलेल्या लेकरापर्यंत येऊन पोचतो.

शेवटी अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो, आणि वाहत्या जखमेसह, माणसांपासून दूर, हजारो वर्षे भटकण्याचा शाप त्याला मिळतो. महाभारत इथे थांबते, लोकमन थांबत नाही. सातपुड्यात, नर्मदेच्या काठाने, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो अजून दिसतो, असे लोक सांगतात. तो येतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. सात चिरंजीवांच्या यादीत त्याचे नाव सर्वांत आधी येते. कित्येक मराठी घरांत अभ्यंगस्नानापूर्वी या सात जणांची नावे घेऊन तेलाचे थेंब आधी जमिनीवर सोडतात. म्हणजे झोपलेली मुले मारणाऱ्या माणसाच्या वाट्याचा एक थेंब आपल्या आजीने बाजूला ठेवलेला असतो.

या एका थेंबात मराठी समाजाचा मोठा विवेक साठलेला आहे, असे आम्हांला वाटते. आजीने त्याला आदर्श मानले नाही. घरातल्या मुलाला तू अश्वत्थाम्यासारखा हो, असे ती कधी म्हणाली नाही. पण त्याची जखम खोटी आहे, असेही ती म्हणाली नाही. जखमेला तेल दिले, हाती अस्त्र दिले नाही. सूडाच्या नायकाकडे कसे पाहावे याची इतकी नेमकी रीत आम्हांला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

या रीतीने पाहिले तर चांगली सूडकथा आणि वाईट सूडकथा वेगळ्या काढता येतात. सॅम रायमी यांच्या १९९० सालच्या ‘डार्कमॅन’मध्ये गुंडांनी जाळलेला एक शास्त्रज्ञ कृत्रिम कातडी बनवतो. ती उजेडात फक्त ९९ मिनिटे टिकते. तेवढ्या वेळेपुरता तो पूर्वीचा माणूस होऊन प्रेयसीबरोबर जत्रेत फिरतो, आणि घड्याळ पुढे सरकत राहते. सूड पूर्ण झाल्यावरही त्याला घरी परतता येत नाही. शेवटी तो गर्दीत नाहीसा होतो. २००८च्या ‘द डार्क नाइट’मधला हार्वे डेंट तर सरकारी वकील. कायद्यानेच शहर सुधारेल असे मानणारा माणूस. प्रेयसी मारली जाते, अर्धा चेहरा जळतो, आणि तो नाणे उडवून माणसांचे जगणे-मरणे ठरवू लागतो. शेवटी त्याच्या बंदुकीसमोर एक लहान मुलगा उभा असतो. छावणीतल्या त्या रात्रीसारखाच हा शेवट. या दोन्ही कथा जखमेला पुरता मान देतात आणि सूडाची किंमतही लपवत नाहीत.

‘डेडपूल’ ती किंमत जवळजवळ पुसून टाकतो. शेवटी छळकर्ता हाती सापडलेला असताना कोलोसस हा पोलादी देहाचा सहकारी दयेविषयी बोलू लागतो. त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आतच गोळी सुटते, आणि चित्रपटगृह हसते. ते हसू स्वाभाविक आहे, त्याबद्दल कुणा पोराला दोष देण्याचे कारण नाही. पण आपण नेमके कशाला हसलो, याचा विचार घरी गेल्यावर तरी व्हायला हवा. थांब, असे सांगणारा माणूस तिथे हास्यास्पद ठरलेला असतो.

आता चेहऱ्याबद्दल. विद्रूपता आणि सूड यांची जोडी इतकी पक्की झाली आहे की भाजलेला चेहरा दिसला की पाहणारा नकळत बिचकतो. ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चेहऱ्यावरच्या व्रणांतून खलपुरुष दाखवणाऱ्या चित्रपटांना पैसे न देण्याचे जाहीर केले. आपल्या भागाला हा विषय परका नाही. पूर्व विदर्भाने कुष्ठरोग पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. झडलेली बोटे, बसलेले नाक घेऊन गावाबाहेर राहणारी माणसे इथल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. बाबा आमटे यांनीही पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते घाबरून पळाले होते. त्या भीतीची लाज वाटून ते मागे फिरले, आणि पुढे १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहू लागले. तिथल्या माणसांनी त्याच हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणले. सूड घेण्याचे कारण त्यांच्याइतके कुणापाशी असेल? पण त्यांची कथा सूडाची झाली नाही.

अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलींचेही तसेच. लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आणि पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी अशा हल्ल्याला किमान दहा वर्षांची शिक्षा कायद्यात आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अॅसिड हल्ला सोसलेल्यांचा आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचा एकाच यादीत समावेश केला. ज्या चेहऱ्यांना सिनेमा सूडाची खूण मानतो, त्या चेहऱ्यांच्या माणसांनी प्रत्यक्षात कायदे बदलून घेतले आहेत. नाटक कंपन्यांच्या लेखकांनी आणि रंगभूषाकारांनी एकदा तरी याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. मांडवात शाल गुंडाळून एखादी खरीच भाजलेली बाईही बसलेली असते.

पण प्रेक्षकाच्या शिट्टीला उत्तर देण्यासाठी एवढे पुरेसे नाही. तो सूडाच्या बाजूने का उभा राहतो, याचे खरे उत्तर विदर्भाच्या ताज्या इतिहासात आहे.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगर वस्तीतल्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारले. वर्षानुवर्षे त्याने त्या वस्तीला, विशेषतः बायकांना, छळले होते. तक्रारी करूनही तो पुन्हा पुन्हा बाहेर येतो, असा लोकांचा अनुभव होता. त्या दिवशी त्या कोर्टाच्या आतच कायदा संपला. पुढे २०१४ साली पुराव्याअभावी सर्व आरोपी सुटले. या प्रकरणावर चित्रपट-मालिका निघाल्या, आणि पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांची सहानुभूती वस्तीतल्या बायकांकडेच राहिली. तशी ती राहणे आम्हांला समजते.

अक्कू यादवच्या हत्येनंतर दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना गावातल्या जमावाने मारले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. सिनेमाच्या भाषेत सांगायचे तर सूडकथेचा पहिला अंक इथे पूर्ण होतो. बायको, मुलगी, दोन मुले गेलेली, एकटा उरलेला माणूस. प्रेक्षक पुढच्या अंकाची वाट पाहू लागतो.

भैयालालांनी तो अंक लिहिला नाही. ते कोर्टाची पायरी चढले. सप्टेंबर २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भैयालाल वाट पाहत राहिले, आणि २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. तोवर अखेरचा निकाल आला नव्हता.

दहा वर्षे एक माणूस हातात काठी न घेता न्यायाची वाट पाहतो, याहून मोठे धैर्य कोणत्या महानायकाने दाखवले आहे? या माणसाकडे अश्वत्थाम्याची जखम होती आणि त्याने अश्वत्थाम्याची रात्र नाकारली. व्यवस्थेने मात्र त्याच्या वाट्याचे तेल शेवटपर्यंत पोचवले नाही. जो वाट पाहतो त्याला काय मिळते, हे सारा जिल्हा पाहत असतो. मग मध्यरात्रीच्या मांडवात जळक्या चेहऱ्याच्या माणसाला शिट्टी मिळते, यात नवल ते काय?

१९७५ सालचा ‘शोले’ इथे आठवतो. दोन्ही हात गमावलेला, शालीखाली रिकाम्या बाह्या लपवणारा ठाकूर हा भारतीय पडद्यावरचा असाच जखमी सूडनायक. मूळ शेवटात तो खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरने ते मान्य केले नाही. पोलीस येतात आणि शिक्षा देणे कायद्याचे काम आहे असे सांगतात, असा शेवट करावा लागला. तत्त्व अगदी बरोबर होते. पण तो काळ आणीबाणीचा होता, आणि काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा नागरिकाचा हक्कच तेव्हा सरकारने गोठवलेला होता. पन्नास वर्षांनी, २०२५ साली, इटलीतल्या बोलोन्या शहरात तो चित्रपट मूळ शेवटासह दाखवला गेला. कायद्यावर विश्वास ठेवा, हे वाक्य पडद्यावर चिकटवून भागत नाही, एवढे या पन्नास वर्षांनी शिकवावे.

म्हणून या चित्रपटांवर बंदी आणा, नाटकांतले सूडाचे प्रवेश कापा, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ताप मोजणारी काच फोडून ताप उतरत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीने आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा, असे सांगितले आहे. साक्षीदारांना संरक्षण देणाऱ्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आहे. अत्याचारपीडित महिला आणि मुलांसाठी राज्यात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. कागदावरचे हे तेल जखमेपर्यंत किती दिवसांत पोचते, हे प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी आपल्या लोकांना सांगावे. शिट्ट्या त्यानेच कमी होतील.

घरात आणि शाळेतही एक काम आहे. भागवतात अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीसमोर आणतात. पाच मुले गमावलेली ती आई. शिक्षा मागण्याचा हक्क तिच्याइतका कुणाचा? ती म्हणते, याला सोडा. मी रडते तशी याची आई रडू नये. ही कथा मुलांना सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना हेही सांगितले पाहिजे की क्षमा तिने स्वतःहून दिली, कुणी तिच्यावर लादली नाही. पीडिताला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. आपले काम तेल देण्याचे.

दिवाळीच्या पहाटे अनेक घरांत ते थेंब जमिनीवर पडतील. त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडया भरतील, पडदे उघडतील आणि जळक्या चेहऱ्याचा माणूस पुन्हा दिव्याच्या झोतात येईल. त्याला शिट्टी जरूर द्यावी. त्याची तक्रार खरी आहे. आणि पहाटे शाल झटकून घरी निघताना, आपल्या गावात दाद मागत बसलेला खरा माणूस कोण आहे आणि त्याची पुढची तारीख कधी आहे, एवढे विचारून घ्यावे.